मागच्या ॲक्सलचा रेशो बदलला आणि मोजपट्टीसुद्धा बदलली



पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुमचा निकाल अपेक्षेच्या उलट आला तर तुम्ही काय कराल?" बहुतेक जण उत्तर देतात, "कारण शोधू." उत्तर चुकीचं नाही, पण त्याच्या आधी एक पायरी असते आणि ती मी स्वतः गाळली होती. प्रयोगशाळेत नाही, तर शेजारच्या आजोबांच्या जुन्या गाडीवर. त्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचा रेशो बदलण्याचं गणित आज नीट समजून घेऊ. गणित सोपं आहे, अकरावीच्या भौतिकशास्त्रात बसेल असं. चूक कुठे झाली ते मात्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळणार नाही.

गाडी आणि तक्रार

मी सध्या इंग्लंडमध्ये संशोधन करतो. माझा विषय इंजिनापासून चाकापर्यंत ताकद कशी पोहोचते याचं संगणकीय मॉडेल बनवण्याचा. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे १९७२ ची एमजीबी जीटी आहे. एमजीबी ही ब्रिटनची गाजलेली स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात ती ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत होती. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, मागच्या चाकांना ताकद.

आजोबांची तक्रार साधी होती. महिन्यातून एकदा ते आणि आजी मुलीकडे जातात, बहुतेक रस्ता मोटरवेचा. ताशी ७० मैलांवर (सुमारे ११३ किमी) इंजिन इतकं ओरडतं की शेजारी बसलेल्या आजींचं बोलणं ऐकू येत नाही. त्या काळात या गाडीला ओव्हरड्राइव्ह जादा पैसे देऊन मिळायचा आणि यांच्या गाडीला तो नव्हता. गाडी कुठलीही असो, चालवणाऱ्याला हव्या त्या वेगाला इंजिन किती फिरतं हे शेवटी एका आकड्यावर येऊन ठरतं. तो आकडा म्हणजे मागच्या ॲक्सलचा रेशो.

रेशो म्हणजे नेमकं काय?

इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समधून लांब प्रॉपेलर शाफ्टमध्ये येते आणि तो शाफ्ट मागच्या ॲक्सलमधल्या एका लहान दातेरी चाकाला फिरवतो. हे पिनियन. पिनियन एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, ते क्राउन व्हील. मोठ्याचे दाते भागिले लहानाचे दाते म्हणजे रेशो.

एमजीबीमध्ये क्राउन व्हीलला ४३ आणि पिनियनला ११ दाते असतात. ४३ ÷ ११ = ३.९०९. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टला जवळजवळ चार फेरे घ्यावे लागतात. याच घराण्यातल्या एमजीबी जीटी व्ही८ मध्ये (१९७३ ते १९७६) ४३ आणि १४ दाते होते: ३.०७१. तिचं ३५२८ सीसीचं इंजिन ताकदवान होतं, त्यामुळे तिला तो रेशो झेपत होता.

गिअरच्या सायकलवर तुम्ही हे अनुभवलेलं असतं. मागचं चक्र मोठं घेतलं की चढ सोपा जातो, पण सपाटीवर पाय भराभर मारावे लागतात. लहान घेतलं की पाय निवांत, पण चढाला दम निघतो. आजोबांची गाडी सपाटीवर "पाय भराभर मारत" होती. त्यांना ११ च्या जागी १४ दात्यांचं पिनियन हवं होतं.

आधी मोजा, मग बदला

पहिला धडा इथेच. गाडी पन्नास वर्षांची. मधल्या मालकांनी ॲक्सल बदललाच नसेल कशावरून? पुस्तकात ३.९०९ लिहिलंय म्हणून गाडीतही ३.९०९ असेल हे गृहीतक आहे, मोजमाप नाही.

मोजायची पद्धत अशी. पुढच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि तो सोडावा लागतो. गिअर न्यूट्रलला. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड लावा. चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. चाक हाताने फिरवा, शाफ्टचे फेरे मोजा.

यात एक खाच आहे. डिफरन्शियलमुळे क्राउन व्हीलचा वेग हा दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी असतो. एक चाक जमिनीवर थांबलेलं असेल, तर उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राउन व्हीलचा एकच फेरा होतो. हे लक्षात न घेता मोजलंत तर उत्तर निम्मं येईल. आम्ही चाक २० वेळा फिरवलं, म्हणजे क्राउन व्हीलचे १० फेरे. शाफ्टचे ३९ आणि वर थोडे. रेशो ३.९ च्या आसपास, म्हणजे मूळचाच ॲक्सल.

वीसच फेरे का, असं विचाराल. दोन फेऱ्यांतही मोजता आलं असतं. पण खडूची खूण डोळ्याने बघताना पाव फेऱ्याची चूक सहज होते. क्राउन व्हीलच्या एका फेऱ्यामागे पाव फेरा चुकला तर ३.९ आणि ३.७ यांतला फरकच कळणार नाही. तीच पाव फेऱ्याची चूक दहा फेऱ्यांत वाटली गेली की ०.०२५ वर येते. उपकरण न बदलता मोजमापाची अचूकता अशीही वाढवता येते.

कागदावरचं गणित

गाडीला १६५/८०, १४ इंची टायर आहेत. भाराने टायर थोडा दबतो, ते धरून चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे १.८९ मीटर अंतर. चौथा गिअर या गाडीत थेट, म्हणजे १:१. म्हणून इंजिनाच्या दर १००० आरपीएमला मिळणारा वेग असा:

- ३.९०९ रेशो: सुमारे २९ किमी/तास. ताशी ७० मैलांना सुमारे ३,९०० आरपीएम.
- ३.०७ रेशो: सुमारे ३७ किमी/तास. ताशी ७० मैलांना सुमारे ३,०५० आरपीएम.
- ३.९०९ आणि ओव्हरड्राइव्ह (०.८२): एकत्रित ३.२१. ताशी ७० मैलांना सुमारे ३,२०० आरपीएम.

दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून बघा. मोटरवेवर दोन्हींचं उत्तर जवळजवळ सारखंच आहे. म्हणून "काहीही करा, एकूण तेच" असं वाटतं. पण ते तेच नाही. ओव्हरड्राइव्ह फक्त वरच्या गिअरना लागतो आणि बटण बंद केलं की जुनी गाडी परत मिळते. ॲक्सलचा रेशो बदलला की पहिला, दुसरा, तिसरा, चौथा आणि रिव्हर्स, सगळे एकदम बदलतात. संशोधनात तुम्ही "मी एकच चल बदलला" असं म्हणता, तेव्हा स्वतःला विचारा: तो चल किती ठिकाणी गुणला जातोय?

आपल्या बाबतीत सगळं एकाच अपूर्णांकावर येतं: ११ भागिले १४, म्हणजे ०.७८६. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

काय मिळालं, काय गेलं

चाकावर येणारी ओढ प्रत्येक गिअरमध्ये त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाली. हे चांगलं की वाईट? नुसत्या टक्क्यावरून काहीच सांगता येत नाही. गरज किती आहे ते काढावं लागतं.

दोन माणसांसह गाडी साधारण १,२०० किलो धरू. टायरचा घर्षणविरोध वजनाच्या दीड टक्का आणि हवेच्या विरोधासाठी लागणारं प्रभावी क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटर धरलं, तर ताशी ७० मैलांना सपाटीवर सुमारे ५९० न्यूटन ओढ लागते. (हे दोन्ही आकडे मी गृहीत धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. तुमच्या अहवालात हा फरक नेहमी लिहा.) इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क सुमारे १४९ न्यूटन-मीटर, तोही ३,००० आरपीएमला. वाटेतल्या घर्षणात दहा टक्के गेले असं मानलं, तर ३.०७ रेशोला चौथ्या गिअरमध्ये चाकावर जास्तीत जास्त सुमारे १,३७० न्यूटन मिळतात. सपाटीवर भरपूर शिल्लक.

आता सहा टक्के चढ आणा. चढासाठी आणखी ७०० न्यूटन लागतात. एकूण गरज सुमारे १,३०० आणि हातात १,३७०. म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी जेमतेम वेग टिकेल. जुन्या रेशोला त्याच चढावर तीनशेहून जास्त न्यूटन शिल्लक राहत होते. थोडक्यात, आजोबांना चढावर तिसरा टाकावा लागणार. तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.३८, म्हणजे ४,२०० आरपीएम आणि तेवढा वेळ पुन्हा आरडाओरडा.

सगळ्यात रंजक गोष्ट क्लचची आहे. गाडी थांबलेली, इंजिन फिरतंय. दोघांचा वेग जुळेपर्यंत क्लच घासत राहतो. इंजिन १००० आरपीएमवर धरलं, तर पहिल्या गिअरमध्ये (३.४४) पूर्वी सुमारे ८.४ किमी/तासाला वेग जुळायचा, आता १०.७ ला. इंजिनाचा वेग स्थिर असेल आणि रस्ता सपाट असेल, तर घासताना क्लचमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा ही गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकीच असते. (सिद्ध करून बघा, चार ओळींचं काम आहे.) गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. म्हणून क्लचचा ताप १४/११ पटीने नाही, तर त्याच्या वर्गाने, म्हणजे १.६२ पट वाढतो. आकड्यांत, दर सुरुवातीला साधारण ३.३ किलोज्यूलवरून ५.३.

एका ठिकाणी २१ टक्के घट, तर दुसऱ्या ठिकाणी ६२ टक्के वाढ, आणि दोन्हींच्या मुळाशी तेच तीन दाते.

आणि पेट्रोल? सपाटीवर इंजिनाला लागणारी शक्ती दोन्ही रेशोंना सारखीच, साधारण २० किलोवॅट. हवेला तुमच्या ॲक्सलशी काही देणंघेणं नाही. पण पूर्वी ती शक्ती ३,९०० आरपीएम आणि ५० न्यूटन-मीटरमधून यायची, आता ३,०५० आरपीएम आणि ६४ न्यूटन-मीटरमधून. दुसऱ्या परिस्थितीत थ्रॉटल जास्त उघडा असतो, त्यामुळे हवा ओढून घेताना इंजिनाची ताकद कमी वाया जाते. फेरे कमी, म्हणून आतलं घर्षणही कमी. तेव्हा मोटरवेवर पेट्रोल थोडं वाचायला हवं. हे माझं भाकीत होतं आणि मी ते आजोबांना ठामपणे सांगितलं होतं.

काम झालं

प्रत्यक्ष काम एका गॅरेजला दिलं. एमजीबीच्या जीटी मॉडेलमध्ये ॲक्सल नळीच्या बांधणीचा असतो. त्यात क्राउन व्हील आणि पिनियन घराच्या आतच जुळवावे लागतात. ही जोडी एकमेकांवर घासून तयार केलेली असते, म्हणून एकटं पिनियन बदलत नाहीत, दोन्ही एकदम बदलतात. पिनियन किती आत बसायचं हे पातळ चकत्या, म्हणजे शिम, घालून ठरवतात. बेअरिंगवरचा ताण ठरवतात. दात्यांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवतात. शेवटी दात्यांना रंग लावून फिरवतात आणि ठसा दात्याच्या मध्यभागी उमटतो का ते बघतात. जुळणी चुकली तर ॲक्सल गुणगुणायला लागतो, आणि आवाज कमी करायला निघालेल्या माणसाला ते परवडत नाही.

गॅरेजवाल्याने सांगितलं, "स्पीडोमीटर आता कमी दाखवेल, पुन्हा जुळवून घ्या." आजोबा "हो" म्हणाले आणि तोवर डॅशबोर्डवर फोन लावून जीपीएसवर वेग बघायला लागले. प्रश्न मिटला, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

निकाल उलटा आला

दोन-तीन महिन्यांनी आजोबा वही घेऊन आले. निघताना टाकी फुल, परत आल्यावर टाकी फुल, मीटरचं रीडिंग, भरलेले लिटर आणि शेवटच्या रकान्यात गॅलनला किती मैल. वर्षानुवर्षांची सवय. "तू तर म्हणाला होतास पेट्रोल वाचेल," ते म्हणाले. पूर्वी गॅलनला सरासरी २८ मैल जात होते, आता २४. म्हणजे लिटरला ९.९ किमीवरून ८.५ वर.

मी वहीच्या शेवटच्या रकान्याचा फोटो काढला आणि घरी येऊन काय केलं? कारण शोधलं. मला कारणं भराभर सुचली. चढावर तिसरा गिअर जास्त वेळ लागतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर कार्ब्युरेटरचं मिश्रण पेट्रोलने जड होतं. शहरात क्लच जास्त घासतो, ६२ टक्के जास्त! दोन पानं लिहिली, आलेखही काढला. मनातल्या मनात हा प्रबंधातला एक परिच्छेदसुद्धा झाला होता.

ती पानं मी माझ्या मार्गदर्शक बाईंना दाखवली. त्यांनी पहिलं पान अर्धं वाचलं आणि एकच विचारलं, "मैल कुठून मोजले?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो.

मैल कुठून मोजले?

या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते. म्हणजे मीटर चाकाचे फेरे मोजत नाही, प्रॉपेलर शाफ्टचे मोजतो. शाफ्टच्या इतक्या फेऱ्यांना एक मैल, हे प्रमाण मीटरच्या आत कायमचं बसवलेलं असतं आणि ते जुन्या ३.९०९ साठीचं होतं. आता त्याच अंतरात शाफ्ट कमी फिरतो. खरे १४ मैल झाले की मीटर ११ दाखवतो. खरा वेग ७० असेल तर काटा ५५ वर.

हे आम्हाला माहीत नव्हतं का? होतं! म्हणून तर फोन लावला होता. पण काटा आणि मैलांचा आकडा एकाच केबलवर चालतात, ही गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. वेगाची चूक दुरुस्त केली आणि अंतराची चूक तशीच वहीत उतरत राहिली. माझ्या बाबतीत आणखी एक कारण असावं. आपल्याकडच्या अनेक मोटारसायकलींत स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते. स्प्रॉकेट बदलला तरी मीटर बरोबरच राहतो. गावाकडे हे बघत मोठा झालो, तेव्हा "मीटर म्हणजे चाक" हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं.

२४ ला १४/११ ने गुणा: ३०.५. म्हणजे लिटरला सुमारे १०.८ किमी. पेट्रोल वाढलं नव्हतं, वाचलं होतं, साधारण नऊ टक्के. माझं मूळ भाकीत बरोबर होतं आणि त्याच्याविरुद्ध मी स्वतःच दोन पानं लिहिली होती.

वहीत सगळं लिहिलेलं होतं

खरी चुटपुट पुढे आहे. मी पुन्हा आजोबांकडे गेलो आणि या वेळी पूर्ण वही पाहिली. मुलीच्या घरी जाऊन-येऊन २१० मैल होतात. ॲक्सल बदलल्यानंतरच्या रीडिंगांची वजाबाकी केली तर तीच फेरी १६५ मैलांची झाली होती. घर तिथेच, रस्ता तोच, पण अंतर ४५ मैलांनी कमी! २१० ला ११/१४ ने गुणून बघा.

लिटरचा रकाना तर आणखी बोलका. पूर्वी एका फेरीला साधारण ३४ लिटर लागायचे, आता ३१. कच्चा आकडा सरळ सांगत होता की पेट्रोल कमी लागतंय. भागाकार केलेला आकडा उलटं सांगत होता, कारण त्यातला अंश बिघडलेला होता. मी फक्त भागाकाराचा फोटो काढला होता.

समजा वही मिळाली नसती. तरीही माझं स्पष्टीकरण पाडता आलं असतं. कसं, ते बघा. क्लचचा जादा ताप दर सुरुवातीला २ किलोज्यूल. इंजिनाची कार्यक्षमता २० टक्के धरली तर त्यासाठी पेट्रोलमधले १० किलोज्यूल लागतील. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. वहीतल्या आकड्यांप्रमाणे दर फेरीला साधारण साडेचार लिटर "जास्त" जळत होते. ते क्लचच्या खात्यात टाकायचे, तर आजोबांना एका फेरीत गाडी चौदा हजार वेळा थांबवून पुन्हा सुरू करावी लागली असती. ६२ टक्के हा आकडा खरा होता, पण तो कशाच्या ६२ टक्के, हे मी विचारलंच नाही.

नीट बघा: मी दिलेली कारणं खोटी नव्हती. चढावर तिसरा गिअर लागतो, क्लच जास्त तापतो, हे सगळं खरं आहे. फक्त ज्या घटनेची ती कारणं होती, ती घटना घडलीच नव्हती. विषयाचा अभ्यास जितका जास्त, तितकी कारणं लवकर सुचतात. म्हणून ही चूक नवख्यापेक्षा अभ्यासू विद्यार्थ्याकडून होण्याची शक्यता जास्त, असं मला आता वाटतं.

तुमच्या कामासाठी

निकाल उलटा आला की कारण शोधण्याआधी हे चार प्रश्न वहीत लिहून उत्तरं द्या:

१. मी जे बदललं, ते माझ्या मोजमापाच्या साखळीतही कुठे आहे का? सेन्सरपासून आकड्यापर्यंतची साखळी कागदावर काढा. तापमान बदलताय? मग तुमचा स्ट्रेन गेज तापमानावर चालतो का? प्रश्नावलीची भाषा बदललीत? मग जुने आणि नवे गुण एकाच मापाचे राहिले का?

२. एखादी चूक एका ठिकाणी दुरुस्त केली असेल, तर तीच चूक आणखी कुठे जाते? आम्ही काटा दुरुस्त केला आणि मैल विसरलो.

३. जी गोष्ट बदलायलाच नको, ती खरंच बदललेली नाही ना? मुलीच्या घराचं अंतर ही आमची फुकट मिळालेली तपासणी होती. तुमच्या प्रयोगात असं एखादं "मुलीचं घर" आधीच ठरवून ठेवा.

४. माझं कारण आकाराने पुरेसं आहे का? दिशा जुळते एवढ्यावर थांबू नका. ज्यूल, रुपये, माणसं, जे असेल त्यात हिशेब करा.

आणि कच्चे आकडे टाकू नका. भागाकार, सरासरी, टक्केवारी यांच्या शेजारी मूळ रकाने ठेवा. परीक्षकांसाठी नाही, स्वतःसाठी.

आजोबांचं पुढे काय झालं?

स्पीडोमीटर दुरुस्तीला गेला आणि नव्या रेशोप्रमाणे जुळवून आला. मी त्यांना वहीची दुरुस्त गणितं दाखवली, पेट्रोल नऊ टक्के वाचतंय हे सांगितलं, माफीही मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की चढावर तिसरा टाकावा लागतो हे खरं, पण बाकी रस्ताभर आजींचं बोलणं आता ऐकू येतं. त्यांना तेवढंच हवं होतं. पेट्रोलचा प्रश्न मुळात त्यांचा नव्हताच, माझ्या भाकितामुळे तो उभा राहिला. संशोधनाचा प्रश्न कोणाचा आणि मोजतोय आपण काय, यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तोवर एक गृहपाठ. मोटारसायकलचा पुढचा स्प्रॉकेट १४ दात्यांचा आहे, तो १५ चा केला. (१) केबल पुढच्या चाकातून येत असेल आणि (२) केबल गिअरबॉक्समधून येत असेल, अशा दोन्ही परिस्थितींत १०० किमीच्या खऱ्या अंतराला मीटर किती दाखवेल? आणि दुसऱ्या परिस्थितीत खरं मायलेज तीन टक्क्यांनी वाढलं असेल, तर मालकाला ते वाढलेलं दिसेल की कमी झालेलं? उत्तर काढण्याआधी केबल कुठून कुठे जाते याचं चित्र काढा.